झाकलेलं पातेलं

सासूबाईंनी फडताळाच्या मागच्या कोपऱ्यातून ते छोटं पातेलं बाहेर काढलं, त्यावरचं झाकण उचललं, आणि स्वयंपाकघरातली हवाच जणू थिजली. आत बटाट्याचा रस्सा होता... आजच्याच बटाट्यांचा, पण त्यांच्या हातचा नसलेला.

"हे कुणासाठी?" त्यांनी सुनेला विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

सुनेने तोंड उघडण्याआधीच तिचा नवरा दारातून म्हणाला, "तिला पित्त झालंय ना, आई. तिच्यासाठीच असेल." आणि त्याने बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, की नुसती मान हलव, बाकी मी निभावतो.

मान हलवणं किती सोपं होतं! या घरात सगळेच तर हलवत आले होते...

सासूबाईंनी उमेदीची सारी वर्षं खाणावळ चालवली होती. त्यांच्या हाताची चव घेऊन गेलेली माणसं अजून वाट वाकडी करून भेटायला येत. मागे त्या मोठ्या तापातून उठल्या, पण जिभेची चव आणि नाकाचा वास काही परत आले नाहीत. स्वतःचा रस्सा त्यांना अळणी लागे, म्हणून त्या आणखी मीठ घालत. तापानंतर त्यांनी पुन्हा रांधलं त्या पहिल्या दिवशी दिराने तांब्याभर पाणी संपवलं आणि सगळे सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. सासरे शांतपणे म्हणाले, "वा, हात परत आला हो तुझा." त्या माउलीचा सुकलेला चेहरा असा काही उजळला, की त्या दिवसापासून वाखाणणी हा घराचा कायदाच होऊन बसला.

पण सासऱ्यांचं हृदय थकलेलं होतं, पाय सुजत होते. मीठ कमी करा, असं डॉक्टर बजावत. सासरे तिथे हो म्हणत आणि घरी येऊन ताट पुसून खात. डॉक्टर गोळी वाढवत. सूज काही हटत नव्हती.

सून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. जो आकडा येईल तो मांडायचा, हवाहवासा वाटणारा नव्हे, ही तिथली शिस्त. तिचा स्वतःचाही एक नेम होता : जे तोंडावर सांगता येत नाही, ते पाठीमागे करायचं नाही. संध्याकाळी बसथांब्यावरून घराकडे चालताना ती दिवसभराचं आपलं वागणं धान्यासारखं चाळून बघे. अलीकडे चाळणीत रोज एकच खडा राहत होता... हे पातेलं. सासऱ्यांच्या पायांसाठी कमी मिठाचं केलेलं, पण झाकून ठेवलेलं.

"नाही," ती म्हणाली. "मला पित्त नाही. हे बाबांसाठी आहे."

"म्हणजे माझ्या हयातीत वेगळी चूल मांडलीस."

सुनेने नवऱ्याला बाहेर जायची खूण केली आणि दार लोटून घेतलं. जे सांगायचं ते चारचौघांत सांगायचं नव्हतं.

"आई, तुमच्या हातचं खारट होतंय. तापातून उठलात तेव्हापासून. तुम्हाला चव कळत नाही, आणि आम्ही कुणी ते तुम्हाला कळू दिलं नाही. मी गप्प राहिले आणि पातेलं लपवलं. तेही खोटंच झालं."

"हेवा वाटतो तुला माझा," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनीच मिठाचा डबा ओढला, चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. थांबल्या. दुसरी चिमूट घेतली... आणि जिभेवर नुसती वाळू असावी तसा त्यांचा चेहरा हळूहळू रिता होत गेला.

त्या तशाच उठून बाहेर गेल्या. सासरे स्टुलावर पाय ठेवून बसले होते.

"खारट होतं?"

सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावरून सुनेकडे पाहिलं. "कशाला सांगितलंस, पोरी?" आणि मग बायकोला म्हणाले, "तुझ्या हातचं होतं."

सासूबाई जमिनीवर बसल्या. त्यांनी नवऱ्याच्या घोट्याजवळ अंगठा दाबला आणि काढून घेतला. खळगा पडला, तो तसाच राहिला. कितीतरी वेळ त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"हेही माझ्याच हातचं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा बांध फुटला.

त्यानंतर सासूबाईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. नवरा कामापुरतं बोले. दीर ताटावर बसला की म्हणे, "वहिनी, खाल्ल्या मिठाला तरी जागायचं होतंस," आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचं विसरून जाई. सासरे पुढ्यात येईल ते खात, वर बघत नसत. आपण एका बाईचं सर्वस्व हिरावलं, हे सुनेला दिसत होतं, आणि तरीही चालताना चाळणी हलवली की तो खडा आता तिथे नव्हता. तिने शब्द मागे घेतला नाही. रोज सकाळी खोलीच्या दाराशी जाऊन ती विचारी, "आई, आज काय करू?" आणि उत्तर आलं नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी.

एका सकाळी ती विचारायला निघाली, तर खोली रिकामी! स्वयंपाकघरातून विळीचा आवाज येत होता. सासूबाई बटाटे चिरत होत्या. मान वर न करता त्यांनी मिठाचा डबा तिच्याकडे सरकवला.

"मीठ तू घाल. बाकीचं माझे हात विसरलेले नाहीत."

सुनेने मोजून घातलं, सासऱ्यांना चालेल तेवढंच.

दुपारी सगळे जेवायला बसले. सासूबाईंनी वाढलं आणि विचारलं, "कसं झालंय?" नवरा भाताकडे बघू लागला. दिराने घास तोंडात तसाच धरला. सासऱ्यांचे ओठ जुन्या सवयीने 'वा' म्हणायला वळले, पण सासूबाईंनी हात आडवा केला.

"तुम्हाला नाही, हिला विचारलंय."

सुनेने घास गिळला. "अळणी आहे, आई."

"असणारच," सासूबाई म्हणाल्या. "मीठ कुणी घातलंय?"

आधी दिराला हसू फुटलं, मग नवऱ्याला. सासरे हसता हसता डोळे पुसू लागले, आणि सासूबाईंनी, न विचारता, सुनेच्या वाटीत आणखी एक डाव रस्सा वाढला.