वेदियानुसची अर्धी ओळ

नेआपोलिसच्या टेकडीवरच्या त्या घरात मेनोफिलस बारा वर्षं एकाच माणसाच्या ओळी उतरवत आला होता. कवी वेदियानुस सांगायचा आणि हा लिहून घ्यायचा. आधी गुलाम म्हणून, मग स्वतंत्र झाल्यावर पगारावर. वेदियानुस वारून चाळीस दिवस झाले, तेव्हा त्याच्या बायकोने, पाक्वियाबाईंनी, देवदाराची पेटी उघडून सातव्या खंडाची गुंडाळी मेनोफिलसच्या हातात दिली. त्याने ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. सहा खंड त्याला तोंडपाठ होते आणि सातवा, कवीने शेवटी स्वतःच्या हाताने लिहिलेला, अजून कुणीच पाहिला नव्हता.

"हावरटासारखा बघतोयस," बाई म्हणाल्या.

"हावरटच आहे, बाईसाहेब."

वेदियानुस मूळचा आर्पिनुमच्या एका कापड धुणाऱ्याचा मुलगा. तरुणपणी अथेन्सला गेला आणि तिथल्या बागेत शिकवणाऱ्या गुरूंचा शिष्य होऊन परत आला. जग म्हणजे कण आणि पोकळी, आत्माही कणांचाच, माणूस मेला की ते धुरासारखे पांगतात आणि मागे काही उरत नाही. ही शिकवण लोकांना रुक्ष वाटे, म्हणून त्याने ती वृत्तात बसवली. सहा गणांची ओळ, दर गणात एक गुरू आणि दोन लघू, नाहीतर दोन गुरू. वाऱ्याबद्दल लिहिताना ओळ धावायची, खडकाबद्दल लिहिताना पाय ओढायची. मेजावर अनामिकेने ठोके देत तो मात्रा मोजायचा. त्या जागी लाकडाला खळगा पडला होता.

त्याच मेजाशी बसून दुपारपर्यंत मेनोफिलस शेवटच्या ओळीशी पोचला. ती साडेतीन गणांवर तुटली होती. 'मरणाला भिऊ नका, कारण त्यापुढे', एवढंच.

तो मोठ्याने हसला. राहिलेलं त्याला ठाऊकच होतं. त्यापुढे काही नाही. बारा वर्षं त्या घरात दुसरं काय ऐकलं होतं? त्याने ओळ मोठ्याने वाचली आणि पुरी करायला तोंड उघडलं.

तळहाताखालच्या मेजातून ठोके आले. एक लांब. मग लांब, आखूड, आखूड. मग दोन लांब.

खाली द्राक्षमळ्यात कुणी खुंट ठोकत असेल, म्हणून त्याने खिडकीतून पाहिलं. भट्टीसारखं ऊन होतं आणि मळ्यात चिटपाखरू नव्हतं. त्याने पुन्हा ओळ वाचली. पुन्हा तेच सहा ठोके.

भिण्याआधी त्याने बोटांवर हिशेब केला. अडीच गण. ओळीत नेमकी तेवढीच जागा रिकामी होती. आणि 'काही नाही' हे त्यांच्या भाषेत तीन ठोक्यांचं; ते त्या जागेत बसणारच नव्हतं. याचा अर्थ वेदियानुसच्या मनात दुसरं काही होतं. मेनोफिलसच्या अंगावर रोमांच उभे राहिले. कुठल्याही संपादकाला मिळालं नसेल ते त्याला मिळत होतं.

चार दिवस त्याने मेज सोडलं नाही. शब्द लावून बघायचा. चुकीच्या अक्षरावर ठोके तुटायचे. 'झोप' तुटली. 'शांतता' तुटली. 'पांगलेली धूळ' पाचव्या गणापर्यंत नीट गेली, तेव्हा तो उठून नाचलाच. मग तीही तुटली. पाक्वियाबाई अंजीर घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"कोण ठोकतंय?"

"तुम्हालाही ऐकू येतंय?"

त्यांनी थाळी खाली ठेवली. "मेल्यावर काही उरत नाही, या एका वाक्यावरून तो माझ्याशी आयुष्यभर भांडला. मेलेल्या आईसाठी दिवा लावला तरी हसायचा. आता तो स्वतः..." त्यांनी मेजाकडे बोट केलं. "थांबव हे."

"बाईसाहेब, अडीचच गण राहिलेत."

"तुला कळतंय का तू काय बोलतोयस?"

त्याला कळत होतं. पण विसाव्या तारखेला, बागेच्या अनुयायांच्या मासिक जेवणात, वाचन ठरलं होतं. स्टालियस येणार होता. तो लंगडा म्हातारा कवीचा मित्र खरा, पण हातातल्या मेणाच्या पाटीवर प्रत्येक चूक टिपायचा, आणि ओळ अडल्याचं कानावर येताच गावभर सांगत सुटला होता की शेवटी वेदियानुसचा धीर सुटला.

विसावी उजाडली तरी शब्द मिळाले नव्हते. मेनोफिलसने ठरवलं, जेवढं आहे तेवढंच वाचायचं.

घरापुढच्या द्राक्षाच्या मांडवाखाली तीसेक माणसं होती, पाक्वियाबाईही होत्या. तो इतका रंगून वाचत गेला की थाळ्यांकडचे हात थांबले. वाऱ्याच्या ओळी धावल्या, खडकाच्या जड झाल्या. शेवटची ओळ आली.

'मरणाला भिऊ नका, कारण त्यापुढे'

तो थांबला. तोंड मिटलं.

कुणी हललं नाही.

स्टालियसची लेखणी मेणावर सरकत राहिली.

मग टाळ्या पडल्या.

"हरलो बाबा," स्टालियस लंगडत पुढे आला. "चौथा गण जड, पाचवा हलका, शेवट दोन पायांवर उभा. खोट नाही."

"मी मध्येच थांबलो होतो."

"थट्टा पुरे. तूच म्हणालास. आवाज जरा घोगरा काढलास, एवढंच." त्याने पाटी पुढे केली. "हे बघ, जसंच्या तसं."

मेनोफिलसने वाचलं. ठोके आपोआप मनात पडले. एक लांब, लांब, आखूड, आखूड, दोन लांब. एकही मात्रा इकडची तिकडे नव्हती. त्याला आधी आनंद झाला, निखळ आनंद. मग त्याने अर्थ लावला.

'उरतो गारठा, आणि कान.'

त्याने पाक्वियाबाईंना शोधलं. त्यांचं आसन रिकामं होतं. खाली, पुतेओलीकडे जाणाऱ्या थडग्यांच्या रस्त्यावर त्या भर उन्हात एकट्याच चालल्या होत्या, राखेच्या कलशावर घालायला लोकरीचं जाड पांघरूण छातीशी धरून, आणि सारखं काहीतरी बोलत.