फुटाण्यांच्या पुडीतलं अंतराळयान

नागपूरकडल्या गोरेगावच्या आठवडी बाजारात दुर्गेश्वरीला परग्रहावरचे लोक भेटले ते फुटाण्यांच्या पुडीत. फुटाणे संपले, कागद उलगडला, तर पान एकशे बारावर एक यान शनीच्या कड्यात अडकलेलं! विज्ञान कादंबरीपायी ही बी.एस्सी.ची पोरगी जेवण सोडायची. आज तिनं एसटी सोडली.

"भाऊ, पुढचं पान?"

फुटाणेवाल्या इंद्रकुमारनं कढईतून मान वर केली. पापण्यांवर वाळूची धूळ, ओठांवर हसू...

"पानासाठी फुटाणे घ्या लागते. एका पुडीले एक पान. एका बाजारात एकच पुडी."

"हा कोणता नियम?"

"आत्ताच केला."

पहिली एकशे अकरा पानं आधीच गिऱ्हाइकांबरोबर गावोगाव गेली होती. उरलेली मात्र इंद्रकुमारनं डब्यात जपली. बाकीच्यांना तो जुन्या प्रश्नपत्रिकांत फुटाणे देई. बाजारामागून बाजार गेले. यान कड्यातून सुटलं. 'भाऊ' हा शब्द बाजारातच कुठंतरी पडला. कोणी शोधला नाही.

घरी आई, देवकाबाई, काळजीत. "पोरगी हाय का घोडा? सारखी चनेच खाऊन राहिली!"

मग एका बाजारी दुर्गेश्वरी पुडी न घेताच उभी राहिली.

"सोमवारी नागपूरले चालली मी. एम.एस्सी.ले नंबर लागला."

त्याचा झारा थांबला. "अन् पानं?"

"चाळीस उरली ना? सारी आत्ताच दे."

"नाही जमत."

"काऊन?"

"चाळीस पुड्या खाशील?"

"फुटाणे ठेव तुये! पानं दे."

तो उगाच वाळू हलवत राहिला. "सारी देली... तं मग तू इथं कायले येशील?"

कादंबरीतला कप्तान अशा वेळी यानाभोवती संरक्षक कवच चालू करायचा. दुर्गेश्वरीजवळ छत्री होती. तिनं ती उघडली. पाऊस नव्हता.

"एक सांगू?" छत्रीमागून आवाज आला. "फुटाणे मले कधीच आवडत नव्हते."

"मग एवढे खाल्ले?"

"पहिला महिना पानासाठी खाल्ले."

"नंतर?"

"नंतर... भाजणाऱ्यासाठी."

कढईतले फुटाणे करपले. दोघांनाही वास आला नाही. शेजारच्या कांदेवालीला आला, पण ती ऐकण्यात गुंग होती.

इंद्रकुमारनं दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा काढून दिला. तिनं तिथंच मोजला. एकोणचाळीस.

"शेवटचं?"

त्यानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "दिवाळीत ये अन् घेऊन जा."

"यान पृथ्वीवर परत येते का, एवढं तरी सांग!"

"मी वाचलंच नाही."

"खोटारडा!"

"आईशप्पथ. बाकी सारं वाचलं. त्या पानाची... हिंमत नाही झाली."

दुर्गेश्वरीनं छत्री मिटली. शनीच्या कड्यातून सुटल्यासारखं तिचं तोंड उजळलं होतं.

"मी न वाचताच सांगते तुले," ती म्हणाली, "येते. बाजाराच्याच दिवशी येते."