पोकळी

अक्कांचं पत्र सात महिने तसंच पडून होतं. त्रिविक्रम ताम्हनकरांनी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं, कारण त्यांच्या मते त्याची गरजच उरली नव्हती.

थोरली बहीण यमुनाअक्का अंदमानातल्या एका लहान बेटावर राहत होत्या. यजमान बंदर खात्यात होते. ते गेल्यावरही अक्का तिथंच राहिल्या; दर रविवारी भावा-बहिणीची टीव्हीच्या पडद्यावर समोरासमोर भेट होई. मार्चमध्ये त्यांनी लिहिलं होतं : ‘तिकू, पावसाळ्याआधी चेन्नईला जाऊन हृदयाची झडप बदला, असं डॉक्टर म्हणतात. रविवारी टीव्हीवर तू म्हणालास, भीती वाटत असेल तर राहू दे. तू असा बोलणारा नव्हेस. दात दुखला तेव्हा मला फरफटत नेणारा तू! स्वतःच्या हातानं लिही. करू की नको? तू सांगशील तसं.’

पत्र बोटीनं एप्रिलमध्ये पोचलं. त्या आठवड्याच्या रविवारी त्यांनी पत्राचं विचारलं, तर अक्का पडद्यावर हसून म्हणाल्या, “झालं की ऑपरेशन! पत्राचं काय घेऊन बसलास?”

आज नोव्हेंबरातला रविवार. त्रिविक्रमरावांची जुनी विद्यार्थिनी, संदेशवहनाची संशोधक रेहाना मुजावर चहाला आली होती. टीव्हीखाली गृहसंगणक होता. सरांनी तो स्वतः जोडला होता आणि तसाच एक अक्कांनाही पाठवला होता. पडद्यावर अक्का फणसाच्या भाजीची कृती सांगत होत्या. रेहाना बशी ठेवायला वाकली, तिचा पाय वायरीत अडकला आणि इंटरनेटची तार खटकन निघून आली.

“फोडणीत मोहरी आधी,” अक्का म्हणाल्या.

रेहाना तार हातात धरून उभी राहिली. अक्का बोलतच होत्या.

“सर, तुम्ही ‘अखंड’चं बटण सुरू ठेवलंय?”

“दोन्हीकडे. चित्र अडकलं की ते गोल फिरणारं चक्र बघवत नाही मला. पण त्यानं सेकंदा-दोन सेकंदांची पोकळी भरायची असते ना?”

“त्यातल्या पोकळीपूरकाला सेकंद कळत नाहीत. चित्र आलं नाही की पुढचं चित्र तो रचतो. अकरा वर्षांचे रविवार आहेत त्याच्याजवळ. आणि कसं रचायचं, तर बघणारा माणूस खुर्चीतून उठणार नाही असं.”

तिनं यंत्राची नोंद उघडली. बेटाकडून आलेलं शेवटचं खरं चित्र बारा फेब्रुवारीचं होतं.

“समुद्राखालची तार तुटली असणार. सगळ्या बेटाची.”

“नऊ महिने? एक तक्रार नाही?”

“तक्रार कोण करणार, सर? प्रत्येकाच्या घरी माणसं बोलताहेत.”

त्रिविक्रमरावांनी टीव्ही बंद केला नाही. “अक्का,” त्यांनी विचारलं, “ऑपरेशन खरंच झालं ना गं?”

“ठणठणीत आहे रे मी! बस तू.”

त्यांना हेच ऐकायचं होतं. आणि तिकडे, ऑपरेशनच्या नावानं घाबरणाऱ्या अक्कांना जे ऐकायचं होतं, ते त्यांच्या यंत्रानं तिकूच्या तोंडून म्हणवलं होतं. अक्कांनी ते ओळखलं होतं. पावसाळा येऊन गेला होता.

“फोन...”

“तोही त्याच तारेवरून. बोट गुरुवारी सुटते. टपाल तेवढं जातं.”

त्यांनी लिहायला घेतलं. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं : ‘अक्का, तो मी नव्हतो. ऑपरेशन कर. उशीर माझा झाला.’ अक्का हे वाचायला आहेत की नाहीत, हे सांगू शकणारं घरात काहीच नव्हतं.

सोमवारी टपाल कचेरीतल्या बाईंनी पत्ता वाचला. “अगंबाई, माझा भाऊ त्याच बेटावर असतो! नौदलात आहे.”

“बोलता त्याच्याशी?”

“काल तासभर. काय हसवतो म्हणून सांगू! हल्ली तर जास्तच गोड झालाय.”

त्रिविक्रमरावांनी एक कोरं पाकीट विकत घेतलं आणि बाईंपुढे सरकवलं. “तुम्हीही लिहा. बोट गुरुवारी आहे.”

“पत्र? कशाला हो आजोबा?”

कोरं पाकीट त्यांनी बाईंसमोरच राहू दिलं. मागची रांग चुळबुळायला लागली. मग त्यांनी आपलं पत्र पेटीत टाकलं.