लिबोरियोचं पांढरं झबलं

सरस संपला म्हणून दोन्या एलोदिया, म्हणजे आपली एलोदियाबाई, तेवढ्यापुरती कोपऱ्यावर गेली, आणि परत येते तो दुकानाच्या पायरीवर एक बाई मांडीवर लाकडी खोका घेऊन बसलेली. पंचविशीची असेल. केस अगदी बारीक कापलेले, बुटांवर रंगाचे डाग.

"दुकान भरलंय," एलोदिया कुलूप काढता काढता म्हणाली. "कांदेलारियाच्या सणाआधी आता नवं काम घेत नाही मी. तुमचा बाळ येशू यंदा फुटक्या नाकानंच जाईल चर्चला आशीर्वादाला."

"बाळ येशू नाहीये तो," बाई म्हणाली. "लिबोरियो आहे."

एलोदियाचा हात कुलपावरच राहिला.

लिबोरियो कोण, हे मेक्सिको शहरात कुणाला सांगावं लागत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी त्याचा सिनेमा आला होता. खलाशाचा निळा डगला घातलेला दीड हाताचा बाहुला, मुठीत वस्तरा, आणि बंगल्यातली माणसं एकेक करून गारद. लोक आधी किंचाळले आणि मग त्याला असा काही जीव लावून बसले की टॅक्सीवाले त्याचं चित्र काचेवर चिकटवून फिरायचे. तो बाहुला घडवला होता एलोदियाच्या नवऱ्यानं, फाउस्तिनोनं. पडद्यावर पाठीतून आत हात घालून हलवलाही त्यानंच. आणि चेहरा? चेहरा त्या महाभागानं दुकानातल्याच साच्यातून काढला, ज्यातून गल्लीतले निम्मे बाळ येशू निघाले होते. भुवया तेवढ्या वाकड्या रंगवल्या. पाद्रीबाबांच्या कानावर हे कधीच गेलं नाही, ते एक बरं झालं.

फाउस्तिनोला जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. लिबोरियो सिनेमावाल्यांच्या गोदामात पडून, आणि इकडे एलोदिया लोकांच्या देवांची डागडुजी करत एकटी.

"मी नायेली," बाई म्हणाली. "दुसरा भाग मी करतेय. पहिला पाहिला तेव्हा सात वर्षांची होते. महिनाभर आईच्या कुशीतून हलले नाही. तेव्हाच ठरवलं होतं, मोठी झाले की याला परत आणायचं. रंग उडालाय त्याचा, जबडाही अडकतो. कांदेलारियाच्या दिवशी, दोन तारखेला दुपारी तीनला न्यायला येईन. त्याच दिवशी शेवटचा प्रसंग आहे."

"काय आहे शेवटी?"

नायेली आपल्या बुटांकडे बघत राहिली. "जळतो तो. खुर्चीत बसल्या बसल्या. आग खरी आहे... आणि बाहुला एकच, दोन्या. दुसरा तुमच्या यजमानांनी केलाच नाही."

एलोदियानं खोका ठेवून घेतला. बाई गेल्यावर तिनं खोका उघडला. "बघ कसा वाळलायस, मेल्या," असं म्हणून त्याला उचललं, आणि मग सरळ सांगायचं तर हुंदके देऊन रडली. चारच दिवस होते तिच्याकडे.

ते चार दिवस मात्र तिनं मजेत घालवले हो. त्याचा डगला धुवायला काढला. उघडा कसा ठेवायचा म्हणून बाळ येशूंसाठी शिवलेल्या ढिगातलं एक पांढरं झबलं त्याला चढवलं. भुवया खरवडून पहिल्यापासून रंगवायला घेतल्या. काम करता करता गप्पा चालायच्या. "एवढी माणसं मारलीस, एकाचं तरी वाईट वाटलं का रे? त्या स्वयंपाकीणबाईनं काय घोडं मारलं होतं तुझं?" लिबोरियो काचेच्या डोळ्यांनी बघत राही.

पहिल्या दुपारी जेवण झाल्यावर ती पडदा ओढून खुर्चीतच जरा लवंडली. उकळलेल्या सरसाचा आणि ओल्या रंगाचा वास कोंडून राहिला होता. बाहेर भर बाजार चालू, आणि आत मात्र इतकं गप्प की रंग सुकताना ऐकू यावा. तेवढ्यात कुठंतरी टक... असं वाजलं. लाकडावर लाकूड. एलोदियानं डोळे उघडले. थोडा वेळ काहीच नाही. मग परत, टक... टक...

"हवा कोरडी आहे. लाकूड बोलतंच," ती स्वतःशी म्हणाली.

फळ्यांवर तिनं चाळीसेक बाळ येशू दाराकडे तोंड करून ओळीनं मांडले होते, गिऱ्हाइकाला आपला चटकन ओळखता यावा म्हणून. आता त्यातला एकही दाराकडे बघत नव्हता. सगळ्यांची तोंडं कामाच्या टेबलाकडे, लिबोरियोकडे वळलेली. घाबरल्यासारखी नव्हे. शाळेत बाई गोष्ट सांगायला लागल्या की पोरं जशी वळून बसतात, तशी.

एलोदियानं उठून एकेकाचं तोंड फिरवून ठेवलं आणि लिबोरियोला दटावलं, "या लेकरांना नाही नाही ते सांगू नकोस हं." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वळलेले दिसले, तेव्हा मात्र तिनं राहू दिलं तसंच.

दोन तारखेची सकाळ म्हणजे नुसती झुंबड. बायका टोपल्या घेऊन दारात, "आमचा कुठाय? अहो, चर्चमध्ये मिस्साची घंटा झाली!" एलोदिया टॉवेलात गुंडाळते, हातात देते, पुढचा घेते. त्यातच मागच्या गल्लीतली क्रिस्पिना आली, घामाघूम, बारा माणसांपुरते मक्याचे तमाल चुलीवर ठेवून. तिच्या बाळ येशूला तिसरं वर्ष. तिसऱ्या वर्षी खुर्चीत बसवायची रीत, म्हणून एलोदियानं त्याचे गुडघे वाकवून दिले होते. तिनं बसलेलं बाळ उचललं, गुंडाळलं, दिलं. क्रिस्पिना पळाली.

दुपारी दुकान रिकामं झालं. फळ्यांवर नुसत्या धुळीच्या खुणा. एलोदिया निळा डगला घेऊन टेबलापाशी आली. उरलेल्या बाहुल्याला तिनं डगला चढवला, बटणं लावली, टोपी घातली आणि जबडा तपासावा म्हणून हनुवटीवर बोट दाबलं.

जबडा हलला नाही. हलणार कसा? तो एकसंध होता. बाळ येशूला बोलायचं नसतं.

"अगं बाई..." ती म्हणाली. एकाच साच्यातले दोघं, दोघंही बसलेले, दोघांच्या अंगावर तेच पांढरं झबलं. माणसं मारणारा लिबोरियो क्रिस्पिनाच्या टोपलीतून चर्चला जाऊन आला होता आणि आता बारा माणसांत देव होऊन बसला होता.

आणि मग तिच्या मनात ते आलं. खोटं कशाला सांगू, आलंच. हाच द्यावा. आगीत बसूनच तर राहायचंय, जबडा कोण बघतोय? लिबोरियो वाचेल. क्रिस्पिना त्याला दरवर्षी नवे कपडे शिवेल, फुलं वाहील. फाउस्तिनोच्या हातचं एवढंच तर उरलंय.

तिनं टेबलावरच्या बाळाकडे पाहिलं. खलाशाच्या टोपीखाली त्याचा चेहरा इतका भाबडा दिसत होता की तिला स्वतःचीच शिसारी आली. क्रिस्पिनानं हा पोटच्या पोरासारखा सांभाळलेला. त्याला जाळायला द्यायचं?

दाराशी गाडी थांबली. एलोदियानं बाळाला छातीशी धरलं आणि बाहेर येऊन नायेलीला सगळं सांगून टाकलं. नायेली हसेल किंवा ओरडेल असं तिला वाटलं होतं. ती म्हणाली, "चला. मीही येते."

क्रिस्पिनाचं घर माणसांनी आणि तमालांच्या वाफेनं भरलेलं. पोरं आतोले पीत होती, कुणीतरी गिटार छेडत होतं. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात, पांढऱ्या ग्लॅडिओलसच्या मधोमध, छोट्या खुर्चीत लिबोरियो बसला होता. भुवयांचं काम राहूनच गेलेलं, त्यामुळे चेहरा साधा, लेकरासारखा.

एलोदियानं क्रिस्पिनाला बाजूला घेतलं. "अगं, चूक झाली माझी. हा तुझा. तो या सिनेमावाल्या बाईंना आज जाळायचाय..."

"माहितेय मला तो कोण आहे," क्रिस्पिना हळू आवाजात म्हणाली. "टोपलीतून उचलला तेव्हाच कळलं. जड लागला. पण मिस्सा सुरू झालेली, तिथून काय परत फिरू?" तिनं मागे वळून पाहिलं. "दोन्या, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं ना... तेव्हा त्यानं तोंड उघडलं. टक झालं. मला वाटलं, तहान लागली असेल. घरी आणून चमच्यानं पाजलं."

"मग?"

"चमचा रिकामा झाला."

 बाहेरच्या खोलीत गिटारवाल्याच्या कुठल्याशा चुकीवर सगळे खो खो हसले.

"माझं बाळ दे," क्रिस्पिना म्हणाली आणि तिनं ते घेऊन त्याची टोपी फेकली, गालाला गाल लावला. "पण ऐक. त्यालाही आशीर्वाद झालाय, माझ्यादेखत. मी टोपली धरली होती, म्हणजे धर्ममाय झाले मी त्याची. त्याला जाळणार म्हणे तुम्ही?" हे तिनं नायेलीला विचारलं.

नायेलीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. सगळ्या देशाला घाबरवायला निघालेली बाई! "आशीर्वाद झालेलं लेकरू मी जाळलं," ती म्हणाली, "तर माझी आजी थडग्यातून उठून येईल आणि कानाखाली वाजवेल. नाही जाळत. रिकामी खुर्ची जाळू. हा याच झबल्यात, असाच साध्या चेहऱ्यानं खिडकीतून बघेल. तेच जास्त भीतीचं होईल... नाही का?"

"होईल तर!" एलोदिया म्हणाली. तिला नायेलीला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली, आणि तिनं मारलीच.

पाच वाजता, उन्हं कलताना, शहराबाहेरच्या पटांगणात उभारलेल्या लाकडी घरासमोर सगळे जमले. "हात तुम्हीच घाला," नायेली म्हणाली. "आमच्या माणसाचं तो ऐकत नाही. सारखा अडकतो."

एलोदियानं आजवर कधी हात घातला नव्हता. फाउस्तिनो कुणाला घालू देत नसे. ती खिडकीखाली गुडघ्यांवर बसली, लिबोरियोला वर धरलं आणि झबल्यामागच्या चिरेतून हात आत सरकवला. समोर खुर्ची पेटली. धग तोंडावर आली. आतलं कापड गार होतं. जबड्याची तार शोधत तिची बोटं वर गेली.

तिथं आधीच बोटं होती.

ती दचकली नाहीत. थोडी सरकली आणि तिच्या हाताला जागा करून दिली. एलोदियाचे डोळे भरले. "फाउस्तिनो...?" ती पुटपुटली.

वर लिबोरियोचं डोकं आगीकडून वळलं आणि खाली, तिच्याकडे बघू लागलं. तिनं तार ओढली नव्हती. आतल्या बोटांनी तिचं एक बोट मुठीत घेतलं. मूठ फार लहान होती. नुकत्याच जन्मलेल्या पोराची असते तेवढी. आणि उबदार.

"कट!" नायेली ओरडली. लोक टाळ्या वाजवू लागले. "काय वळवलंत हो डोकं, दोन्या! अंगावर काटा आला. झालं, काढा हात आता."

एलोदियानं हलकेच हात ओढून पाहिला. परत पाहिला. मग तिनं लिबोरियोला कडेवर घेतलं, तसंच, हात आत असतानाच.

"थांबा जरा," ती म्हणाली. "अजून सोडत नाहीये."