छतातले कान

नाही साहेब, ते काम मी करत नाही. स्पीकर बदलून देतो, अँप्लिफायर बदलून देतो, दारांच्या आत जाड मॅट लावून देतो, दणक्यात वाजेल गाडी. पण छतातले माईक तोडून द्या म्हणत असाल तर किल्ली घ्या आणि दुसरं दुकान बघा. रागावू नका, माझं बोलणंच असं आहे. बायको म्हणते, हा माणूस गिऱ्हाइकाशी बोलतो की भांडतो तेच कळत नाही.

बसा ना. लाईट गेलीय, ती येईपर्यंत तुमच्या गाडीला हात लागणार नाही. हा चार्जिंगचा दिवा असू दे मधे. का नाही करत म्हणून विचारलंतच, तर ऐका.

अशा गाड्यांत कंपनीची जी सिस्टीम येते तिला लोक उगाच नावं ठेवतात. आवाज मरतुकडा असतो, मान्य. पण ती एक काम गुपचूप करत असते. छतातल्या दिव्याशेजारी मोहरीएवढी भोकं असतात, त्यांच्यामागे माईक. ते सारखं आतलं ऐकत असतात. इंजिनाची घरघर, टायरचा घुमारा, जे कानाला नको ते हेरायचं आणि स्पीकरमधून त्याच्या बरोबर उलटा आवाज सोडायचा. दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि आपण म्हणतो, वा, काय शांत गाडी आहे. शांत कसली, दाबून ठेवलेली असते. नवा अँप बसवला की हे माईक नव्या बेसच्या दणक्यालाच गोंगाट समजतात आणि सगळी गाडी घुमायला लागते. म्हणून आमच्या धंद्यात पहिलं काम तेच. छताचं कापड उतरवायचं, माईकच्या तारा तोडायच्या आणि पुढच्या कामाला लागायचं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कधी कुणाला वाटलं नाही.

मग एकदा एक बाई भर दुपारी आल्या. केस पांढरे व्हायला लागलेले, पायात साध्या चपला, आणि गाडी अशी की रस्त्यावरची पोरं वळून बघतील. दोन सीटची, लाल, जमिनीला टेकलेली. उतरताना त्यांना दार धरून उठावं लागलं. मला हसू आलं. म्हटलं, ताई, मुलाची गाडी पळवून आणलीत वाटतं. त्या म्हणाल्या, हो, मुलाचीच आहे. मग मी नेहमीसारखं विचारलं की गाणी कुठली ऐकता, त्यावर स्पीकर ठरवू. तर म्हणाल्या, गाणी ऐकायची नाहीत.

त्यांनी सांगितलं ते असं. मुलगा एकुलता एक. एका रविवारी सकाळी गाडी घेऊन बाहेर पडला तो परत आलाच नाही. डोंगरातल्या रस्त्याच्या कडेला गाडी सापडली. इंजिन चालू, गाणी चालू, दारं आतून बंद, किल्ली आत. आणि आत कुणी नाही. पोलिसांनी दरी शोधली, रान शोधलं, शेवटी हात टेकले. गाडी घरी आली. बाईंना तेव्हा गाडी चालवता येत नव्हती, दुकानांत न्यायची म्हणून त्या नंतर शिकल्या. त्या नुसत्या आत जाऊन बसायच्या, कारण सीटला त्याचा वास होता. एकदा त्यांनी इंजिन चालू केलं आणि सवयीने त्याला हाक मारली. तर दाराच्या स्पीकरमधून काहीतरी कुजबुजलं.

दुःखाने डोकं फिरतं लोकांचं. दोन दुकानांत त्यांना हसून परत पाठवलं होतं. त्यांनी माझा हात धरला. परक्या बाईने असा हात धरला की अवघडायला होतं, पण मला तो सोडवून घेता येईना.

"दादा, तो बोलतो. मी हाक मारली की दर वेळी बोलतो. शब्द कळत नाहीत हो मला. तो कुठे आहे ते सांगत असेल. तेवढं कळू दे."

समजूत काढावी म्हणून मी गाडीत बसलो आणि इंजिन चालू केलं. त्यांनी खिडकीतून आत डोकं घालून हाक मारली. "बाळ्या." मी दाराच्या जाळीला कान लावला. आधी नुसती सूंऽऽ. मग तिच्याखाली, बंद दाराआड कुणी तोंडावर हात धरून बोलावं तसं काहीतरी. घाईघाईने बोलणारं. खोटं सांगत नाही, माझ्या हातावर काटा आला. तरी मी अक्कल पाजळलीच. म्हटलं, ताई, कुठलं तरी रेडिओ स्टेशन घुसत असेल, होतं असं. त्या म्हणाल्या, असू दे, मग त्या स्टेशनवर काय लागलंय ते तरी स्वच्छ ऐकवा.

काम घेतलं. आणि जीव तोडून केलं, ते मला मान्य करायला लागेल. त्या बाईचं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दारांत चांगले स्पीकर घातले, डॅशबोर्डवर दोन बारके, सीटच्या मागे बेसचा मोठा. पत्रा कुठे थरथरू नये म्हणून सगळीकडे मॅट लावलं. मग ट्यूनिंग. ते नीट जमलं ना साहेब, की डोळे मिटून बोटाने दाखवता येतं, गाणारा इथे उभाय, तबलेवाला त्याच्या डावीकडे, टाळ्या वाजवणारे लांब मागे. माझं ट्यूनिंग तसं असतं. आणि हो, सगळ्यात आधी छत उतरवून माईक तोडले होते.

गाडी न्यायला त्या आल्या तेव्हा दुकानात मदतीला असतो तो माझा मेहुणा जेवायला गेला होता. रस्त्याचा आवाज नको म्हणून मी शटर खाली ओढलं. धूर कोंडू नये म्हणून मागचा पंखा चालू ठेवला. त्या चालवायच्या सीटवर, मी शेजारी. नव्या मॅटचा डांबरी वास भरून राहिला होता. त्यांनी इंजिन चालू केलं. मी आवाज हळूहळू वर नेला.

आणि तो बोलला. आमच्या दोघांच्या मधे, डॅशबोर्डच्या जरा पुढे, हात लांबवला असता तर खांदा हाताला लागला असता इतका जवळ. तरणा, धाप लागलेला आवाज, अगदी दबलेला.

"आई, हाक मारू नकोस... किती वेळा सांगू गं. तू हाक मारलीस की ते तुझा आवाज शिकतं... मग मला शोधत फिरतं..."

बाईंनी दोन्ही हात तोंडावर दाबले. मला तेव्हाच लख्ख कळलं. पोरगं दर हाकेला हेच सांगत होतं. आणि गाडी गोंगाट समजून ते दाबून टाकत होती.

"बाळ्या, मी आहे रे. नाही मारत हाक," त्या कशाबशा म्हणाल्या. तिकडून उत्तर आलं नाही. त्या पुन्हा बोलल्या. काहीच नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, आधी तर त्याला सगळं ऐकू जायचं. मी वर छताकडे बघितलं. तोडलेल्या तारांची टोकं मीच टेप लावून आत खोचली होती. आईचं बोलणं त्याच्याकडे जात होतं ते तिथून.

तेवढ्यात लांबून, काचेच्या पुष्कळ पलीकडून, एक बाई बोलली.

"बाळ्या... कुठे आहेस रे?"

माझ्या शेजारच्या बाईंचं तोंड बंद होतं. पण आवाज त्यांचाच होता. तीच घोगरी किनार, 'रे' लांबवायची तीच लकब. पोरगं श्वास रोखून गप्प बसलं. आवाज जवळ आला. माझ्या ट्यूनिंगमुळे पाऊल न् पाऊल कळत होतं हो. उजवीकडून सरकत सरकत, खाली वाकून शोधल्यासारखा.

"किती दिवस झाले रे... मी दमले. ये ना."

मग ते पोरगं रडायला लागलं. मोठा मुलगा, पण लहान पोरासारखं, नाक ओढत. "आई? खरंच तू आहेस?" म्हणाला. दमला होता बिचारा. कुणीतरी यावं म्हणून वाट बघून माणूस किती दिवस लपून राहील?

"जोडा ते," बाई मला म्हणाल्या. "दादा, पाया पडते, जोडा."

छताचं कापड मी नखांनी फाडलं. टेप सुटेना, दातांनी तोडली. तारा पिळून कशाबशा एकत्र केल्या, दोनदा सुटल्या. तिकडे पोरगं उठून उभं राहिल्याचं कळत होतं, पायाखाली काहीतरी चुरचुरत होतं. तारा जोडल्या गेल्या तशा बाई ओरडल्या.

"जाऊ नकोस बाळ्या, ती मी नाही."

आणि लगेच उजवीकडून तेच शब्द. तसेच. तेवढ्याच कळवळ्याने. "जाऊ नकोस बाळ्या, ती मी नाही."

पोराची पावलं थांबली. "दोन्हीकडून तूच बोलतेस..." तो म्हणाला. "मी काय करू गं?"

बाई आणखी काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. त्यांना कळलं, जे बोलू ते तिकडून पुन्हा येणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे कधी कुणी बघितलेलं नाही. माझ्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाल्या, तुम्ही बोला. तुमचा आवाज ते अजून शिकलेलं नाही.

घाबरलो मी. का नाही घाबरणार? एकदा तिकडे गेलेला आवाज ते शिकून घेतं, हे आत्ताच ऐकलं होतं. पण समोर आई बसलेली, आतमध्ये पोरगं रडतंय. मी छताकडे तोंड करून माझ्या नेहमीच्या दरडावणीने म्हणालो, "ए बाळा, इकडे लक्ष दे. मी गाडीचं काम करणारा काका बोलतोय. ती तुझी आई नाही. आई माझ्या शेजारी बसलीय. होतास तिथे जा आणि गुपचूप बस."

मग तो म्हणाला, "हो काका." आणि पावलं माघारी, आमच्याकडे यायला लागली. बाईंनी माझा दंड धरला आणि त्या हसल्या. खरंच हसल्या हो. त्यांना वाटलं वाचला. मलाही वाटलं.

मग लांबून, काचेच्या पलीकडून, मी बोललो.

"ए बाळा, थांब जरा. माझीच गफलत झाली. आत्ता नीट बघितलं, ती तुझी आईच आहे. जा तिच्याकडे."

माझंच दरडावणं, माझा बसका घसा. मी ओरडलो, "नको, ऐकू नकोस, तो मी नाही." तिकडूनही मीच ओरडलो, तेच शब्द, पण एक क्षण आधी. ते कसं, मला विचारू नका. पोरगं म्हणालं, "हो काका, जातो." इतकं सरळ, शहाण्या मुलासारखं. पावलं वळली, उजवीकडे, लांब, आणखी लांब. मग ती ऐकू येईनाशी झाली.

आम्ही दोघं बसून राहिलो. मला रडू फुटलं होतं. बाई मात्र रडत नव्हत्या, मान पुढे करून ऐकत होत्या. आणि मग त्याचा आवाज आला. भरलेला, मोकळा, धाप नाही, कुजबुज नाही.

"आई, सापडलो बघ मी. तू पण ये ना इकडे."

मी बॉनेट उघडून बॅटरीजवळचा अँपचा फ्यूज उपटून हातात घेतला. आवाज थांबला नाही. 'ये ना, ये ना' चालूच. मी परत दारापाशी येऊन बाईंना मान हलवून नाही नाही म्हणत होतो, कारण तोंड उघडायची माझी छाती होत नव्हती. त्या उतरल्या, शटर त्यांनीच वर ढकललं. उन्हाने माझे डोळे दिपले. बॉनेट पाडून परत सीटवर बसताना त्या शांतपणे म्हणाल्या,

"कळतंय दादा मला. तो नाहीये तो. पण आवाज तर त्याचाच आहे ना."

आणि काचा वर करून त्या गेल्या. पुढे ती गाडी डोंगरातल्या त्याच रस्त्यावर सापडली, इंजिन चालू आणि दारं आतून बंद, ते मला नंतर कळलं. त्या दुपारी मी फूटपाथवर फ्यूज मुठीत धरून उभा होतो. गाडी सिग्नलला थांबली. बाई आत एकट्या होत्या, मागच्या काचेतून स्वच्छ दिसत होत्या. पण आतून बोलणं बाहेर ऐकू येत होतं, घरात पाहुणे जमल्यासारखं. मुलगा बोलत होता, आई हसत होती. आणि सगळ्यात जास्त बडबड माझी होती साहेब. मी त्यांना रस्ता सांगत होतो.