मोटर किंचाळते, म्हणे

तो पहिल्यांदा त्यांच्या बोटीच्या सामानाच्या दुकानात आला, तेव्हा बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते, म्हणून गल्ल्यावर ती होती. बाहेर भुरभुर पाऊस. त्याच्या हातात बोटीचा मोडका पंखा, एक पातं खडकाने खाल्लेलं. चेहरा असा अपराधी, की जणू कुणाच्या तरी पोराला हातातून पडू दिलंय.

"मोटर केवढी जुनी?"

"माझ्याहून दोन वर्षांनी मोठी."

"मग मान राखून वागवा. म्हाताऱ्या बैलाला मोठा नांगर लावत नाहीत."

तो हसला. तिने उगाचच ग्रीसचे डबे सरळ केले... ते सरळच होते.

पंख्यावर एक आकडा असतो. एका फेऱ्यात बोट किती इंच पुढे जावी, तो. आकडा मोठा, तर मोटरीवर भारही मोठा. तिने अकराचा दिला. "चालवून बघा. मोटर किंचाळली तर आकडा वाढवू, धापा टाकायला लागली तर कमी करू."

खाडीत दिशा दाखवणारे जे दिवे तरंगतात, त्यांची देखभाल त्याच्याकडे होती. धक्क्यावर सगळे त्याला दिवेवालाच म्हणत.

आठवड्याने दिवेवाला हजर. "किंचाळते."

"किती?"

"म्हणजे... बऱ्यापैकी."

तिने बाराचा दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. "अजून किंचाळते हो—" हे बोलताना त्याची नजर तिच्या कानातल्या डुलावर. तेराचा पंखा देताना तिचा हात अडखळला. एवढ्या जुन्या मोटरीला तेरा? पण मोटर त्याची, कान त्याचे. शिवाय तो समोर उभा असला, की तिची अक्कल जरा चरायलाच जायची.

मग एका दुपारी त्याची मावशी दुकानात आली. त्याला लहानाचं मोठं तिनेच केलेलं.

"काय गं, पहिल्या पंख्यात काय वाईट होतं? मला म्हणाला, मावशी, मोटर लोण्यासारखी चालते. तरी दोनदा बदलून आणला! आणि दर वेळी इकडे यायच्या आधी दाढी!"

तिचा हात आपसूक कानातल्या डुलाकडे गेला. दुसऱ्याच क्षणी तिला तेराचा आकडा आठवला.

"आत्ता कुठे आहे तो?"

"गेला की टोकाच्या दिव्याकडे. आठ बॅटऱ्या घेऊन."

आजवर तो रिकाम्या बोटीने फिरला होता. आज वजन होतं, ओहोटी होती, वारा उठला होता, आणि मोटरीच्या मानेवर तेराचा पंखा होता. टोकाला पाणी समुद्राकडे ओढतं. बाजूला लाटा अडवायला टाकलेले काळे दगड. मोटर तिथे बंद पडली तर...

तिने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

"बाबा, बोट काढा."

बाबा उठले, पण त्यांना लांबचं धूसर दिसायचं. कुणीतरी पुढे बसून बघायला हवं होतं. पंख्यांची खडान्‌खडा माहिती असलेली ही पोरगी धक्क्याला बांधलेल्या बोटीतसुद्धा कधी पाय टाकत नसे. तिला पाण्याची भीती होती.

"तू येतेस?" बाबांनी विचारलं.

तिने होकाराची मान हलवली.

बोट हलली, तशी तिने बाक दोन्ही हातांनी आवळला. "सोड त्याला, पळून जाणार नाही," बाबा म्हणाले. ती हसली नाही. पाणी बोटीच्या काठाशी येऊन तोंडावर उडत होतं आणि ती डोळे मिटू शकत नव्हती. बघायचं काम तिचंच होतं ना!

आधी जळका वास आला. मग तो दिसला. बोट आडवी झालेली, मोटर गप्प, आणि तो वेड्यासारखं वल्हं मारतोय. दगड त्याच्या मागे वीस हातांवर.

"डावीकडे, बाबा! आणखी!"

दोरी फेकायला उभं राहावं लागतं. ती उभी राहिली. कशी, ते तिचं तिलाही नंतर सांगता आलं नाही. पहिली दोरी पाण्यात पडली. मागे लाट दगडावर फुटली.

"धर! अरे, धर ना!"

दुसरी त्याने धरली.

दगड मागे पडेपर्यंत बाबांनी त्याची बोट ओढत नेली. शांत पाण्यात दोन्ही बोटी शेजारी आल्या. त्याचे तळहात सोलले होते.

"मोटर किंचाळायची?" तिने विचारलं.

त्याने वल्हं उचलून बोटीत आडवं ठेवलं.

"खरं सांग."

"नाही. पण मग दुकानात यायला... काही कारणच उरलं नसतं."

"दोरी घ्यायची! खिळे घ्यायचे! माणसं ग्रीस घ्यायला रोज येतात!" म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. "मेला असतास तू... माझ्या हातच्या पंख्याने."

"मला आवडतेस तू," तो म्हणाला. "हे त्या दिवशीच सांगायला हवं होतं. तेव्हा याहून जास्त भीती वाटली."

बाबा अचानक आभाळाचा अभ्यास करू लागले.

"आता कोणता लावू?" त्याने हळूच विचारलं.

"असं कसं सांगू? बोटीत रोज वजन किती, त्यावर ठरतं."

"आठ बॅटऱ्या. आणि मी."

तिने खालच्या हिरव्या पाण्याकडे पाहिलं.

"आणि मी," ती म्हणाली. "बावन्न किलो."

"दुकानातल्या काट्यावर छप्पन्न भरते," बाबा आभाळाकडेच बघत म्हणाले. "पंखा त्या हिशेबाने लावा."