साठ अंशांचं तेल

एकोडीच्या थांब्यावर कीर्ती एसटीतून उतरली आणि तिच्या हातातल्या कॅनचं झाकण निघालं. पिवळं तेल थेट भूपेशच्या नव्या शर्टावर!

"सॉरी... डिझेल आहे."

"डिझेलचा असा वास असते का?"

"करंजाच्या बियांच्या तेलाचं. बायोडिझेल." ती हसली. "इथं भूपेश मेकॅनिक कुठं राहते?"

झालं! आपलंच नाव त्या ओठांतून ऐकल्यावर गडी शर्टावरचं तेलही विसरला.

भंडाऱ्याच्या विणकर घरातली कीर्ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. भूपेशच्या पाणी उपसायच्या इंजिनावर तिला प्रयोग करायचा होता... तेल गरम केलं की पातळ होतं, नीट जळतं, धूर कमी होतो, हे मोजून दाखवायचं. भूपेश तेलाचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवी, थर्मामीटर पाहून "साठ!" म्हणे. मग ती धूर मोजी.

पण साठलाही धूर काळाच. ती पुन्हा येई... पुन्हा. ती यायच्या दिवशी भूपेश बापासोबत तलावावर जाळं टाकायलाही जाईना. न यायचे दिवस मात्र सरता सरत नसत. एसटीचा हॉर्न वाजला की हातातला पाना तिथंच राही.

सहाव्या खेपेला कीर्तीचे डोळे भरून आले. "सोमवारी रिपोर्ट द्यायचा आहे. वर्ष जाईल माझं."

 भूपेश उठला, बारदान आणलं आणि डब्यापासून इंजिनापर्यंतची लांब नळी गुंडाळू लागला.

"थंडीत नळी उघडी असली का तेल इंजिनात जाऊस्तोवर गार होते. मले मालूम होतं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"धूर कमी झाला असता, तर... तू आली नसती ना."

इंजिन सुरू झालं. धूर विरळ होत होत दिसेनासा झाला. कीर्तीनं आकडा लिहून वही मिटली. ती रागावली होती, चांगलीच. भूपेश मान खाली घालून उभा. आता ही जाणार, म्हणून त्याचा जीव तुटत होता.

"नुसतं 'ये' म्हटलं असतं, तरी आली असती मी."

"मंग... मंगळवारी येशील?"

"नाही." ती लाजली. "आता तू ये. भंडाऱ्याले, माझ्या बाबांसमोर. अन् तिथं तरी खरं बोलजो."